बहात्तरावा खाना

एप्रिल. लॅबचा पंखा नुसता ऊन ढवळतोय.
हुलसूरकर सरांचं भूजलाचं मॉडेल
माझ्याहून चार वर्षांनी थोरलं,
फोरट्रानमध्ये, सगळं मोठ्या लिपीत,
बहिऱ्याशी बोलल्यासारखं.
"अंबादास, तीन मशिनींवर बसव," सर म्हणाले,
"उद्या एकशेबारा विहिरी चालवायच्यात.
उत्तर तिन्हीकडे एकच यायला हवं."

आधी उबुंटू. मीच टाकलेलं, म्हणून रुसतं ते माझ्यावरच.
तपासतोय... आहे. तपासतोय... आहे.
बत्तीस वेळा आहे, तेहतिसाव्यांदा नाही.
ही लायब्ररी येते म्हणते, पण जाऊ आली तर;
जाऊ तयार, पण तिला गेल्या सालचीच नणंद हवी,
आणि नवी नणंद घरात आधीच येऊन बसलेली.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
डाव्या हाताने एंटर, उजव्याने घास.

मग ऑफिसातली विंडोज.
पडद्यावर सिद्धेश्वर तळं, पाणी असतानाचं.
हेडक्लार्कने फोल्डरला मराठीत नाव दिलेलं:
सर मॉडेल अंतिम नक्की.
कंपायलरला दिसले चौकोन, चौकोन,
मग एक रिकामी जागा,
तिथेच तो उंबऱ्याला ठेचकाळून थांबला.
मला राग नाही आला.
रेशनकार्डावर मी म्याकल, शाळेत मॅकल, आधारवर मकल.

मॅक तहसीनचा, सेकंडहँड, झाकणावर पोपट.
निर्मात्याची ओळख पटत नाही. उघडता येणार नाही.
तहसीन हसली. "दादा, पुण्यात खोली बघताना
हेच वाक्य होतं. फक्त असं स्पष्ट लिहून देत नव्हते."
सेटिंगमध्ये जाऊन तिने परवानगी दिली.
खोलीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

पाच वाजता तिन्हीकडे चाललं. एकही एरर नाही.
आणि विहीर क्रमांक एकोणचाळीस
उबुंटूवर भरलेली,
मॅकवर भरलेली,
विंडोजवर कोरडी.

नायना चाळीस वर्षं मागावर उभे होते. म्हणायचे,
चादरीत पट्टी दिसली तर पट्टीकडे बघत बसू नको,
धागा तिथे तुटलेला नसतो. उलटा जा.
उलटा गेलो. अकराशे सत्तेचाळीसावी ओळ:
पाऊस अधिक, झिरपा अधिक, मोटेचा उपसा वजा,
आणि नंतर कधीतरी, कुणीतरी, टोकाला डकवलेलं
बोअरचा उपसा वजा.
त्र्याहत्तराव्या खान्यापासून.

जुना फोरट्रान बहात्तरापर्यंतच वाचतो.
त्यापुढचं ओळीत असतं, हिशोबात नसतं.
तो तक्रारही करत नाही.
विंडोजवर कुणीतरी कधीकाळी सेटिंग बदलून
एकशेबत्तीस खाने दिलेले,
म्हणून तेवढं एकच यंत्र खरं बोलत होतं,
ज्याला माझी अक्षरं वाचता येत नाहीत ते.

ओळ मोडली. खाली घेतली. सहाव्या खान्यात खूण केली.
पुन्हा मेक. वॉर्निंग, वॉर्निंग, पंखा, वॉर्निंग.
साडेसातला तिन्ही मशिनींचं एकमत झालं.
सर उभ्यानेच वाचत राहिले:
कोरडी. कोरडी. कोरडी. तळाला ओल. कोरडी.
"छान," म्हणाले,
आणि मग चष्मा काढून, "म्हणजे, बरोबर आलं."

त्या ओळीच्या डोक्यावर, पहिल्या खान्यात सी लावून,
इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं:
इथून पुढे लिहू नका, वाचलं जात नाही.
खाली नाव टाकताना थांबलो.
तिघांतलं कुठलं?

घरी फोन लावला. आज पाचवा दिवस, नळाचा.
"नीळ्ळु वच्चिनया?"
"राले," पद्मावती म्हणाली,
आणि पाठोपाठ रिकामी घागर
फरशीवरून सरकवल्याचा आवाज.